होगन यांचे पुस्तक, उजवीकडे वळणारा चेंडू आणि गोल्फवरचे जुने ग्रंथ

प्रश्न असा आहे. दोन वर्षांपासून गोल्फ खेळणाऱ्या एका वाचकांनी, सर्वांनी सुचवले म्हणून, बेन होगन यांचे 'फाइव्ह लेसन्स' हे पुस्तक घेतले. त्यातली ग्रिप (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरण्याची पद्धत) आणि स्विंग (ती फिरवून चेंडू मारण्याची हालचाल) त्यांनी महिनाभर मनापासून गिरवले, आणि आधीच उजवीकडे वळणारा त्यांचा चेंडू आता अधिकच वळू लागला. पुस्तक चुकले की आपण चुकलो, असे ते विचारतात. गोल्फचा इतिहास आणि तंत्र यांवरील अभिजात पुस्तके कोणती, ती कोणत्या क्रमाने वाचावीत आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांचा आजच्या खेळाडूला खरोखर उपयोग होतो का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. पुस्तक चुकलेले नाही आणि तुम्हीही चुकलेला नाहीत. ते पुस्तक ज्या दुखण्यावर लिहिले गेले, ते दुखणे तुमचे नाही, एवढेच. तीस वर्षे गोल्फ शिकवताना आणि जवळपास तितकीच वर्षे या खेळावरची जुनी पुस्तके जमवून वाचताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. गोल्फच्या तंत्रावरचे जवळजवळ प्रत्येक मोठे पुस्तक म्हणजे त्या लेखकाने स्वतःच्या दोषावर, स्वतःच्या शरीरासाठी आणि स्वतःच्या काळातील क्लब व चेंडूसाठी शोधून काढलेला उपाय असतो. लेखक तो सर्वांसाठीचा नियम म्हणून मांडतो, आणि त्यात त्याचा अप्रामाणिकपणा नसतो, कारण त्याच्यापुरता तो नियमच ठरलेला असतो. वाचणाऱ्याने मात्र आधी लेखकाचे दुखणे ओळखावे आणि मगच त्याचे औषध घ्यावे.

होगन यांचे दुखणे होते हूक. (या उत्तरात उजव्या हाताने खेळणारा खेळाडू गृहीत धरला आहे, डावखुऱ्यांनी दिशा उलट वाचाव्यात.) चेंडू झपकन डावीकडे वळून खाली उतरणे आणि जमिनीवर पडल्यावरही डावीकडेच धावत सुटणे, या एका दोषाने त्यांच्या व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवातीची अनेक वर्षे खाऊन टाकली, स्वतःच्या एकट्याच्या नावावरचा पहिला मोठा विजय मिळायला १९४० साल उजाडले. पुढे त्यांनी जो स्विंग घडवला तो मुख्यतः चेंडूची डावीकडे जाण्याची वाट बंद करण्यासाठी घडवला. १९४९ च्या फेब्रुवारीत एका बसशी झालेल्या भीषण टकरीतून ते कसेबसे वाचले, सोळा महिन्यांनी मेरियन येथे अमेरिकन ओपन जिंकले, आणि १९५३ मध्ये मास्टर्स, अमेरिकन ओपन व कार्नूस्टी येथील ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. या सगळ्या अनुभवानंतर, १९५७ मध्ये, 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकात पाच भागांत जे प्रसिद्ध झाले तेच हे पुस्तक. शब्दांकन हर्बर्ट वॉरेन विंड यांचे आणि चित्रे अँथनी रॅव्हिएली यांची. चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरपी टेकलेली काच आणि तिच्यातून वर आलेले खेळाडूचे डोके, हे चित्र गोल्फच्या साहित्यात सर्वांत जास्त डोळ्यांसमोर राहिलेले चित्र असावे.

आता त्यातला उपदेश तुमच्या हातात काय करतो ते पाहा. होगन डावा हात क्लबवर डावीकडे फिरवून ठेवायला सांगतात, म्हणजे चेंडूला भिडताना क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) लवकर मिटत नाही, डावीकडे वळत नाही. ज्याचा क्लबफेस गरजेपेक्षा जास्त मिटतो त्याला हे अमृत आहे. तुमचा क्लबफेस मुळात उघडा राहतो, उजवीकडे पाहत राहतो, म्हणूनच चेंडू उजवीकडे वळतो. त्यावर अशी ग्रिप धरली की तो आणखी उघडा राहणार. दुसरी गोष्ट म्हणजे डाउनस्विंगची (क्लब वरून चेंडूकडे खाली आणण्याची) सुरुवात कमरेने करा हा त्यांचा आग्रह. त्यांच्या शरीरात कमर फिरत असताना खांदे आणि हात मागे थांबत असत. दोन वर्षांच्या खेळाडूची कमर फिरते तेव्हा खांदेही तिच्याबरोबर फिरतात, क्लब बाहेरून आत ओढला जातो, आणि स्लाईसला, म्हणजे चेंडू उजवीकडे वळण्याच्या दोषाला, लागणारी उरलेली अर्धी सामग्रीही तयार होते. महिनाभर तुम्ही प्रामाणिकपणे जे केले त्याचा परिणाम अगदी अपेक्षित होता. सध्या ते पुस्तक बाजूला ठेवा. देऊन टाकू नका.

एकदा ही नजर आली की बाकीची पुस्तकेही वेगळी दिसू लागतात. जॅक निकलॉस यांच्या 'गोल्फ माय वे' (१९७४) या पुस्तकात दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवणारी ग्रिप आहे, आणि तिचे कारण ते स्वतःच सांगतात: त्यांचे हात लहान आहेत. हे वाचून मोठ्या पंजाच्या माणसाने बोटे अडकवण्याचा हट्ट धरायचे कारण नाही. मात्र चेंडूच्या थोडे पुढे, लक्ष्याच्या रेषेवर, गवतातील एखादी खूण निवडून त्या खुणेवर क्लबफेस रोखायची त्यांची पद्धत हातांच्या आकारावर अवलंबून नाही. ती कोणीही आजपासून उचलावी. टॉमी आर्मर यांनी १९५३ च्या त्यांच्या पुस्तकात क्लब डाव्या हाताने पक्का धरून उजव्या हाताने चेंडूवर सपाटून प्रहार करायला सांगितले. त्यांच्या हातांची ताकद असामान्य होती आणि तो प्रहार योग्य क्षणापर्यंत राखून ठेवण्याची जाणही. ज्याला ती जाण नाही तो हे वाक्य वाचून बॅकस्विंगच्या (क्लब मागे वर नेण्याच्या) टोकापासूनच उजव्या हाताने ढकलू लागतो.

अर्नेस्ट जोन्स यांचे उदाहरण मला सर्वांत जास्त शिकवून गेले. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, फ्रान्सच्या आघाडीवर त्यांनी उजवा पाय गुडघ्याखाली गमावला. काही महिन्यांतच एका पायावर उभे राहून त्यांनी ८३ फटक्यांत पूर्ण फेरी खेळून दाखवली. पायांनी वजन कसे सरकवायचे, कमर कधी वळवायची, या सूचनांना ज्याच्या शरीरात जागाच उरलेली नाही अशा माणसाचा चेंडू जर नीट जात असेल, तर स्विंगचा गाभा दुसरीकडे कुठेतरी असला पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आले. तो गाभा म्हणजे हातांनी क्लबचे टोक झुलवणे. रुमालाच्या टोकाला चाकू बांधून ते तो झुलवून दाखवत. झोका असेल तर रुमाल ताठ राहतो, ढकलण्याचा प्रयत्न केला की लगेच सैल पडतो. 'स्विंगिंग इनटू गोल्फ' (१९३७) आणि 'स्विंग द क्लबहेड' (१९५२) ही त्यांची पुस्तके एवढे एकच सांगतात. शरीराच्या प्रत्येक सांध्याचा विचार करून आखडून गेलेल्या खेळाडूला मी आजही रुमाल आणि एखादी जड वस्तू हातात देते. पाच मिनिटांत खांदे सैल होतात. तरीही ही पुस्तके प्रत्येकाला पुरी पडत नाहीत; ज्याची ग्रिपच चुकीची आहे त्याला झोका सापडला तरी चेंडू वाकडाच जातो, फक्त अधिक लयीत.

येथे इतिहासाकडे वळते, कारण या खेळात इतिहास आणि तंत्र वेगळे काढता येत नाहीत. चेंडू बदलला की फटका बदलतो आणि फटका बदलला की पुस्तक बदलते. गोल्फला संपूर्ण वाहिलेली पहिली छापील कृती म्हणजे एडिनबरोच्या थॉमस मॅथिसन यांचे १७४३ मधील 'द गॉफ' हे तीन सर्गांचे काव्य. वीरकाव्याच्या थाटात एडिनबरोजवळच्या लीथच्या मैदानावरील एका सामन्याचे वर्णन त्यात आहे, आणि चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत पिसे ठासून भरून चेंडू कसा करत त्याच्याही ओळी आहेत. पुढच्याच वर्षी, १७४४ मध्ये, त्याच लीथच्या खेळाडूंनी तेरा नियम लिहून काढले. ज्ञात असलेले सर्वांत जुने लिखित नियम तेच. पिसांचा चेंडू बनवायला वेळ लागे, तो महाग पडे आणि ओला झाला की फुटे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा (रबरासारख्या एका झाडाच्या चिकाचा) चेंडू आला आणि खेळ पुष्कळ अधिक लोकांच्या आवाक्यात आला. त्यानंतर लवकरच, १८५७ मध्ये, एच. बी. फार्नी यांचे 'द गोल्फर्स मॅन्युअल' निघाले. खेळ शिकवण्यासाठी लिहिलेले ते पहिले पुस्तक. लेखकाने आपले नाव न घालता टोपणनावाने ते छापले. पुढे ते संगीतिकांची संहिता लिहिणारे म्हणून ओळखले गेले. हे पुस्तक नेमके याच वेळी निघाले हा योगायोग मला वाटत नाही: चेंडू स्वस्त झाला, नवे खेळाडू आले, आणि ज्यांनी लहानपणापासून मैदानावर पाहून पाहून खेळ उचललेला नव्हता अशांना पुस्तकाची गरज पडली.

सर वॉल्टर सिम्पसन यांचे 'द आर्ट ऑफ गोल्फ' (१८८७) या टप्प्यावर येते. स्विंग दाखवण्यासाठी छायाचित्रे वापरणारे ते पहिले पुस्तक, आणि तरीही स्विंगचे तुकडे करून शिकवण्याबद्दल मनापासून शंका घेणारे. चेंडूकडे लक्ष ठेवून त्याला मारणे हे मुख्य काम. बारीकसारीक सूचना डोक्यात घेऊन उभे राहिलात तर ते कामच राहून जाते, असा त्यांचा एकूण सूर आहे. लेखनाची गोडी म्हणाल तर एकोणिसाव्या शतकातील तंत्रग्रंथांमध्ये याच्या जवळ दुसरे काही येत नाही. होरेस हचिन्सन यांनी संपादित केलेला बॅडमिंटन ग्रंथमालेतील 'गोल्फ' हा खंड (१८९०) अधिक भरदार आणि अधिक व्यवस्थित आहे, पण मी तो संदर्भासाठी काढते, वाचण्यासाठी सिम्पसन.

व्यावसायिक खेळाडूने लिहिलेले पहिले पुस्तक विली पार्क धाकटे यांचे 'द गेम ऑफ गोल्फ' (१८९६). ते १८८७ आणि १८८९ चे ओपन (म्हणजे ब्रिटिश ओपन) विजेते. त्यानंतर १९०५ मध्ये हॅरी वार्डन यांचे 'द कम्प्लीट गोल्फर' आले. वार्डन सहा वेळा ओपन जिंकले, आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर ठेवणारी जी ग्रिप आज बहुतेक व्यावसायिक वापरतात ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. तशी ग्रिप त्यांच्याआधीही काही खेळाडू धरत, पण ती जगभर गेली ती वार्डन यांच्या यशामुळे आणि या पुस्तकातल्या छायाचित्रांमुळे.

तुम्ही विचारले आहे की जुन्या पुस्तकाचा आज उपयोग काय. वार्डन यांच्यापुरते उत्तर असे. त्यांचा शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, हिकरी लाकडाचा होता. लाकूड नुसते वाकत नाही, पिळलेही जाते. वरून जोरात झटका दिला की क्लबफेस मागे राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो, म्हणून त्या काळच्या उत्तम खेळाडूचा डाउनस्विंग सावकाश सुरू होऊन वेग धरत जाई. डावी टाच उचलून शरीर मोकळे वळवणे, हात सैल ठेवणे, घाई न करणे, हे सगळे त्या लाकडाने शिकवले. पोलादी शाफ्टला आधी अमेरिकेत आणि १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली, तेव्हा शरीर जोरात वळवूनही क्लबफेस जागेवर ठेवणे शक्य झाले, आणि होगन यांच्या स्विंगचा रस्ता मोकळा झाला. आजच्या क्लबला वार्डन यांच्या सगळ्या हालचाली नकोत, पण वरून झटका देण्याची सवय असलेल्या माणसाला त्यांच्यापेक्षा चांगला गुरू पुस्तकांत सापडणार नाही. आणि स्लाईस करणाऱ्यांपैकी बहुतेकांना हीच सवय असते. म्हणून सध्या तुमच्या हातात होगन यांच्यापेक्षा वार्डन शोभतील. चेंडूचे बदलही विसरू नका. १९०२ च्या ओपनमध्ये सँडी हर्ड यांनी रबरी दोऱ्याच्या गाभ्याचा नवा हॅस्केल चेंडू वापरला आणि वार्डन व जेम्स ब्रेड यांना केवळ एका फटक्याने मागे टाकले. गटापर्चाचे युग तिथेच संपले, तरी वार्डन त्यानंतरही तीन वेळा ओपन जिंकले.

बॉबी जोन्स हे हिकरीच्या युगाचे शेवटचे शिखर. १९३० मध्ये त्यांनी ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन व हौशी अशा चारही स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांमधून निवृत्त झाले. 'डाउन द फेअरवे' (१९२७) हे ओ. बी. कीलर यांच्यासह लिहिलेले आत्मवृत्त त्याच्या तीन वर्षे आधीचे, म्हणजे सर्वांत मोठे यश अजून यायचे असतानाचे आहे, आणि म्हणूनच ते इतके ताजे वाटते. तंत्रासाठी मात्र त्यांच्या वृत्तपत्रीय लेखांमधून चार्ल्स प्राइस यांनी निवडून काढलेले 'बॉबी जोन्स ऑन गोल्फ' (१९६६) वाचा. दोन-तीन पानांचे एकेक प्रकरण, त्यात एकच मुद्दा, आणि तो पूर्णपणे समजावलेला. इतके स्वच्छ गद्य या विषयावर फार थोड्यांनी लिहिले आहे.

याच ठिकाणी एक तक्रार नोंदवते. अभिजात पुस्तकांच्या याद्या बनतात तेव्हा स्त्री खेळाडूंची पुस्तके त्यांतून गळतात. जॉइस वेदरेड यांनी ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा चार वेळा जिंकली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर त्यांच्यासोबत खेळल्यानंतर खुद्द बॉबी जोन्स यांनी त्यांच्या स्विंगला आपण पाहिलेल्या सर्वोत्तम स्विंगचा मान दिला. वेदरेड यांचे 'गोल्फिंग मेमरीज अँड मेथड्स' (१९३३) हे पुस्तक तोल आणि एकाग्रता यांवर जे सांगते ते ताकदीवर उभे राहिलेल्या पुस्तकांत मिळत नाही. मिकी राइट यांनी व्यावसायिक दौऱ्यावर ८२ स्पर्धा जिंकल्या, त्यांत तेरा प्रमुख स्पर्धा होत्या. 'प्ले गोल्फ द राइट वे' (१९६२) हे त्यांचे पुस्तक लहानखुरे आहे, पण ज्यांचा जोर हातांत कमी आणि लयीत जास्त आहे अशा खेळाडूंना, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, मी ते होगन यांच्याआधी देते.

आतापर्यंतचे बहुतेक लेखक मोठे खेळाडू होते. शिक्षकांची पुस्तके वेगळी असतात, कारण शिक्षकाला रोज वेगवेगळी दुखणी पाहावी लागतात. पर्सी बूमर यांनी पॅरिसजवळच्या सेंट क्लाउड क्लबवर अनेक वर्षे शिकवले. 'ऑन लर्निंग गोल्फ' १९४२ मध्ये निघाले. योग्य फटक्याच्या वेळी शरीराला जी जाणीव होते ती पुन्हा आणता येणे, यालाच ते शिकणे म्हणतात. कमरेइतक्या उंच पिंपात उभे राहून त्याच्या कडांना न धडकता वळायचे, ही त्यांची उपमा कमर डावी-उजवीकडे सरकवणाऱ्यांना एका वाक्यात बरे करते. पुस्तक सावकाश वाचावे लागते. काही प्रकरणे दोनदा वाचल्यावरच उलगडतात.

जॉन जेकब्स यांचे 'प्रॅक्टिकल गोल्फ' (१९७२) हे तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे पुस्तक आहे, आणि मला एकच तंत्रग्रंथ ठेवायला सांगितले तर मी हाच ठेवीन. जेकब्स स्विंगच्या रूपापासून सुरुवात करत नाहीत; ते चेंडूपासून सुरुवात करतात. चेंडू कुठे निघाला, हवेत कुठे वळला, किती उंच गेला, क्लबने जमिनीवर कुठे आणि किती खोल माती काढली, यावरून क्लबफेस, क्लबचा मार्ग आणि उतरण्याचा कोन काय होता हे ओळखायचे, आणि मग एकच गोष्ट दुरुस्त करायची. स्विंगला त्यांच्या लेखी एकच हेतू आहे: पुन्हा पुन्हा योग्य रीतीने चेंडूला भिडणे. त्यांच्या पुस्तकात स्लाईसवाल्याला वेगळे औषध मिळते आणि हूकवाल्याला वेगळे, म्हणजे जे होगन यांच्या पुस्तकात तुम्हाला मिळाले नाही तेच. एका मुद्द्यावर मात्र त्यांना दुरुस्त करून वाचावे लागते. त्या पिढीतील बहुतेक प्रशिक्षकांप्रमाणे चेंडूची निघण्याची दिशा क्लबच्या मार्गावरून ठरते असे ते मानत. प्रत्यक्षात चेंडू मुख्यतः क्लबफेस जिकडे पाहत असतो तिकडे निघतो, आणि मार्ग व क्लबफेस यांतील फरकामुळे वळतो. चेंडू आणि क्लब यांची गती मोजणाऱ्या आधुनिक रडारने हे निर्विवाद दाखवले आहे.

ब्रिटनमधील शास्त्रज्ञांच्या एका गटाने हे त्याआधीच मोजून ठेवले होते. अ‍ॅलस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचे 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' (१९६८) हे त्या अभ्यासाचे फळ. चेंडू आणि क्लब यांचा संपर्क साधारण अर्ध्या मिलिसेकंदापुरता असतो. धक्क्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. संपर्काच्या क्षणी हाताने काही दुरुस्त करता येईल ही आशा त्या आकड्याने कायमची संपते. स्विंगचे दोन जोडलेल्या लोलकांसारखे रूप, म्हणजे खांद्याभोवती फिरणारा हात आणि मनगटाभोवती फिरणारा क्लब, हेही याच पुस्तकाने सामान्य वाचकापर्यंत आणले. आकृत्यांना घाबरू नका. संपर्काविषयीची प्रकरणे आधी वाचा, बाकीची सवडीने. होमर केली यांचे 'द गोल्फिंग मशीन' (१९६९) मात्र एकट्याने वाचू नये. स्विंगचे चोवीस घटक आणि प्रत्येकाचे पर्याय अशी त्याची मांडणी प्रशिक्षकाला विचार करायला लावते. शिकणाऱ्याला ती वर्षभर अडवून ठेवू शकते, आणि तसे अडकलेले गुणी खेळाडू मी पाहिले आहेत.

हार्वी पेनिक यांचे 'लिटल रेड बुक' (१९९२) याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. टेक्ससमधील ऑस्टिन कंट्री क्लबवर आयुष्यभर शिकवताना त्यांनी लाल वहीत टिपणे केली होती, आणि वयाच्या उत्तरार्धात बड श्रेक यांच्या मदतीने ती प्रसिद्ध केली. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघेही नामवंत व्यावसायिक खेळाडू त्यांचे विद्यार्थी. एकाला शिकवताना ते दुसऱ्याला पाहू देत नसत, कारण एकासाठी सांगितलेले दुसऱ्याने उचलले तर त्याचे नुकसान होईल. मी वर जे लांबलचक मांडले ते या एका सवयीत आहे. मी तुम्हाला एक गोळी घ्यायला सांगितली तर अख्खी बाटली घेऊ नका, अशा आशयाची त्यांची सूचनाही प्रसिद्ध आहे. १९९५ च्या एप्रिलमध्ये पेनिक वारले. त्याच आठवड्यात, त्यांच्या अंत्ययात्रेला खांदा देऊन परतलेल्या क्रेनशॉ यांनी मास्टर्स जिंकली.

पटिंगबद्दल, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर (ग्रीनवर) चेंडू हळूच खळग्यात घालण्याबद्दल, थोडेच लिहिते. पटिंग येणारा माणूस कोणाशीही बरोबरी करू शकतो, हे विली पार्क यांचे मत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. १९२० मध्ये त्यांनी केवळ पटिंगवर 'द आर्ट ऑफ पटिंग' हे पुस्तक लिहिले आणि ते आजही वाचनीय आहे. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी मात्र 'एव्हरी शॉट काउंट्स' (२०१४) मध्ये व्यावसायिक दौऱ्यावरील लक्षावधी फटक्यांचा हिशेब मांडून दाखवले की दोन खेळाडूंमधील फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. हौशी खेळाडूंनाही हे प्रमाण साधारण लागू पडते. तुमच्या स्लाईसवर वेळ घालवणे योग्य का, याचे उत्तर या पुस्तकात आहे.

शुद्ध इतिहासासाठी रॉबर्ट ब्राउनिंग यांचे 'अ हिस्टरी ऑफ गोल्फ' (१९५५) घ्या. खेळाचा उगम नेदरलँड्सचा की स्कॉटलंडचा या जुन्या वादात ते शांतपणे शिरतात. काठीने चेंडू मारण्याचे खेळ अनेक देशांत होते. पण दूरवर मारत जाऊन शेवटी एका लहानशा खळग्यात चेंडू घालणे, आणि प्रतिस्पर्ध्याने अडथळा न आणता प्रत्येकाने आपापला चेंडू खेळणे, ही जोडणी स्कॉट लोकांची, असा त्यांचा निष्कर्ष आहे आणि मला तो पटतो. धनुर्विद्येच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली. असे कायदे, क्लबांची इतिवृत्ते, मॅथिसन यांचे काव्य, हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर रॉबर्ट क्लार्क यांचा १८७५ चा संग्रह चाळावा. तो सलग वाचायचा नाही. मधूनच कुठलेही पान उघडून बसायचे. अमेरिकेची कथा हर्बर्ट वॉरेन विंड यांनी १९४८ मध्ये सांगितली, तेच विंड ज्यांनी पुढे होगन यांना शब्द दिले.

मैदानांवरची पुस्तके तंत्राइतकीच उपयोगी आहेत, हे मला उशिरा कळले. बर्नार्ड डार्विन हे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विन यांचे नातू. 'द टाइम्स'साठी त्यांनी १९०७ ते १९५३ गोल्फवर लिहिले, आणि १९२२ मध्ये वॉकर चषकाचे (ब्रिटन व अमेरिकेच्या हौशी संघांमधील सामन्याचे) वार्तांकन करायला गेलेले असताना ब्रिटिश कर्णधार आजारी पडल्यामुळे स्वतः खेळायला उतरून आपला एकेरी सामना जिंकला. ब्रिटनमधील मैदानांवरचे त्यांचे १९१० चे पुस्तक, हॅरी राउन्ट्री यांच्या चित्रांसह, वाचताना वारा आणि वाळू जाणवतात. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हे डॉक्टर होते. बोअर युद्धात त्यांनी शत्रूने जमिनीचा वापर करून स्वतःला कसे लपवले ते पाहिले, आणि ती नजर त्यांनी मैदानांच्या रचनेत आणली. 'गोल्फ आर्किटेक्चर' (१९२०) मध्ये त्यांनी उत्तम मैदानाची तेरा तत्त्वे मांडली. पुढे बॉबी जोन्स यांच्यासोबत ऑगस्टा नॅशनल, म्हणजे मास्टर्स जिथे खेळली जाते ते मैदान, रचले. 'द स्पिरिट ऑफ सेंट अँड्र्यूज'चे हस्तलिखित त्यांच्या १९३४ मधील मृत्यूनंतर कित्येक दशके अज्ञात राहिले आणि १९९५ मध्ये छापले गेले. बंकर (वाळूचा खड्डा) कुठे आणि का आहे हे एकदा मॅकेन्झी यांच्याकडून समजले की टीवर (पहिला फटका मारण्याच्या जागेवर) उभे राहून नजर ध्वजाकडे जाण्याआधी ग्रीनकडे येण्याच्या सोयीच्या बाजूकडे जाते. ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो त्यालाही या समजेने प्रत्येक फेरीत दोन-तीन फटके वाचवता येतात, स्विंगला हात न लावता.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवते. आधी जेकब्स, आणि तेही वहीत नोंद ठेवून: सरावाच्या वीस चेंडूंपैकी किती कुठे निघाले आणि कुठे वळले. त्यांनी सांगितलेली ग्रिप किमान सहा आठवडे बदलू नका. पहिल्या पंधरा दिवसांत ती हातांना परकी वाटेल आणि काही चेंडू सरळ डावीकडे जातील. ते चांगले लक्षण समजा, कारण क्लबफेस मिटू लागला आहे पण मार्ग अजून बाहेरून आत आहे. मार्ग बदलण्यासाठी मग वार्डन आणि अर्नेस्ट जोन्स. पेनिक कधीही, चार पाने रोज. कॉक्रन-स्टॉब्स यांतील संपर्काची प्रकरणे पावसाळी दिवसांसाठी ठेवा, बूमर त्यानंतर. ब्राउनिंग, डार्विन आणि मॅकेन्झी यांना सरावाशी जोडायची गरज नाही. ते रात्री वाचायचे. सिम्पसन, पार्क आणि वार्डन यांची पुस्तके स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे मुक्त झाली आहेत आणि डिजिटल ग्रंथालयांत विनामूल्य वाचता येतात. विंड यांनी निवडलेल्या 'क्लासिक्स ऑफ गोल्फ' या पुनर्मुद्रण मालेतील प्रती मिळाल्या तर त्यांच्या प्रस्तावना चुकवू नका. एका वेळी एकच तंत्रग्रंथ उघडा, आणि प्रत्यक्ष फेरी खेळताना त्यातले एकच वाक्य बरोबर न्या.

होगन यांच्याकडे परत कधी जायचे, हे चेंडू तुम्हाला सांगेल. वहीतल्या नोंदींमध्ये उजवीकडे वळणारे फटके कमी होत जातील, मग काही सरळ, काही थोडे डावीकडे वळणारे दिसू लागतील. ज्या आठवड्यात वीसपैकी सात-आठ चेंडू डावीकडे वळून अपेक्षेपेक्षा खूप पुढे धावत गेले, त्या संध्याकाळी 'फाइव्ह लेसन्स' पुन्हा उघडा आणि ग्रिपच्या प्रकरणापासून सुरुवात करा.